तारीख कसली मोजता, फाइल बघा!

प्रति,
मा. सचिव,
कार्मिक व प्रशिक्षण विभाग,
भारत सरकार, नवी दिल्ली.

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी: सामान्य प्रशासन विभाग, महाराष्ट्र शासन, मुंबई.

विषय: वरिष्ठ सनदी अधिकाऱ्यांनी निवृत्तीनंतर खासगी नोकरी स्वीकारण्याबाबतच्या नियमांविषयी.

महोदय,

मी राज्य शासनाच्या एका खात्यातून कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झाले. सारी नोकरी टिप्पण्या लिहिण्यात गेली, तेव्हा हे पत्र जरा सरकारी वळणाचे वाटले तर सांभाळून घ्या. गेल्या महिन्यात आमच्या निवृत्तांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बातमी आली की, आमच्या खात्याचे माजी प्रमुख एका कंपनीत वरिष्ठ सल्लागार म्हणून रुजू झाले. त्या कंपनीच्या फायली मी स्वतः त्यांच्यापुढे ठेवलेल्या. ग्रुपवर पुष्पगुच्छांची रांग लागली. एकाने दबकत विचारले, ‘हे चालतं का?’ लगेच उत्तर आले, ‘वर्ष होऊन गेलं की. नियमात बसतं.’ पुढे कोणी काही बोलले नाही.

मी नियम काढून वाचला. खरेच बसते. म्हणून माझी तक्रार त्या साहेबांविरुद्ध नाही, त्यांचे नावही मी लिहिणार नाही. तक्रार आहे ती हे सगळे बिनबोभाट बसवून घेणाऱ्या नियमाबद्दल, आणि तो नियम आपल्या विभागाच्या अखत्यारीत येतो. सरकारच्या तक्रार पोर्टलवर तक्रार टाकायची, तर तिथे धोरणाविषयीच्या सूचना तक्रारीत धरत नाहीत. तेव्हा उघडच लिहिते. माझ्यासारखे अनेक जण हे वाचतील आणि आपल्या कार्यालयात काय चालते ते आठवून पाहतील, अशी आशा आहे.

आधीच सांगते, निवृत्त अधिकाऱ्याने घरी बसून पेपर वाचावा असे माझे म्हणणे नाही. साठाव्या वर्षी माणूस म्हातारा होत नाही. पस्तीस वर्षे जिल्हे, महामंडळे, मंत्रालये सांभाळलेल्या माणसाकडे जे ज्ञान असते ते कुठल्या पुस्तकात मिळत नाही. व्यवसायाचे स्वातंत्र्य संविधानाने त्यांनाही दिलेले आहे. कोणी शिकवावे, कोणी लिहावे, कोणी स्टार्टअपला मार्गदर्शन करावे. चिंतामणराव देशमुख आयसीएस होते, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर होते, देशाचे अर्थमंत्री होते. १९५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपद सोडले आणि पुढे विद्यापीठ अनुदान आयोग, दिल्ली विद्यापीठ अशी कामे केली. सगळ्यांनी चिंतामणराव व्हावे ही अपेक्षा बाळगण्याइतकी भोळी मी नाही. पण सार्वजनिक जीवनातला अनुभव कुठेकुठे कामी येऊ शकतो, हे आपल्याकडे कोणाला नव्याने सांगायला नको.

आता नियम. आपल्याला तो पाठ असणार, पण हे पत्र खुले आहे, म्हणून थोडक्यात मांडते. आयएएस, आयपीएस आणि वन सेवेतल्या अधिकाऱ्यांसाठी १९५८च्या निवृत्तिलाभ नियमावलीतला २६ वा नियम आहे. केंद्राच्या ‘अ’ गटातल्या अधिकाऱ्यांसाठी निवृत्तिवेतन नियमांत तशीच तरतूद आहे. निवृत्तीनंतर एक वर्षाच्या आत ‘व्यापारी स्वरूपाची नोकरी’ घ्यायची असेल, तर सरकारची पूर्वपरवानगी लागते. पूर्वी ही मुदत दोन वर्षे होती, ती निम्मी केली गेली. नोकरीची व्याख्या मात्र चांगली ऐसपैस आहे. पगारी नोकरी, एजंटगिरी, संचालकपद, भागीदारी, आणि सरकारी कामातून आलेल्या माहितीच्या जोरावर स्वतःचे सल्लागाराचे दुकान उघडणे, हे सगळे त्यात येते. परवानगी देताना काय पाहायचे तेही लिहिलेले आहे. शेवटच्या तीन वर्षांत अधिकाऱ्याच्या हाती संवेदनशील माहिती होती का, त्या काळातले त्याचे काम आणि नव्या मालकाचे हित यांचा कुठे संघर्ष होतो का, सेवेची नोंद स्वच्छ आहे का, देऊ केलेला पगार त्या क्षेत्रातल्या रीतीला धरून आहे का. प्रश्न योग्यच आहेत. ज्याने ते लिहिले त्याला रोग नेमका कळलेला होता.

मग बिघडते कुठे?

पहिले म्हणजे, नियम तारीख मोजतो. एक वर्ष संपले की हे सगळे प्रश्न विचारणारेच कोणी उरत नाही. तीनशे चौसष्टाव्या दिवशी जो हितसंबंधांचा संघर्ष होता, तो तीनशे सहासष्टाव्या दिवशी हवेत विरून जातो. सरकारी कामाचे आयुष्य मात्र वर्षात मोजता येत नाही. रस्त्याचा टोल वसूल करण्याचा करार पंधरा-वीस वर्षांचा असतो. खाणपट्टा त्याहून लांबचा. भूसंपादनाच्या मोबदल्याचे दावे एका पिढीने सुरू करायचे आणि दुसरीने संपवायचे. लवादात अडकलेली बिले अधिकारी निवृत्त होऊन नवा वेतन आयोग आला तरी लटकलेली असतात. ज्याने करार केला, त्याची कलमे लिहिली, सरकारची कमकुवत बाजू कुठे आहे हे ज्याने गोपनीय टिप्पणीत मांडले, तोच माणूस तेराव्या महिन्यात समोरच्या बाजूला बसू शकतो. करार अजून अठरा वर्षे चालायचा असतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. एका मोठ्या कामाची प्री-बिड मीटिंग होती. निविदा भरू इच्छिणाऱ्यांनी शंका विचारायच्या आणि खात्याने उत्तरे द्यायची, असा तो रिवाज. इतिवृत्त लिहायचे काम माझ्याकडे होते. हजेरीपट फिरत फिरत एका कंपनीच्या लोकांकडे गेला, तेव्हा त्यांच्यात आमचे एक जुने साहेब बसलेले दिसले. (वर उल्लेख केलेले नव्हेत, त्यांच्या आधीचे.) ते आत आले तेव्हा आमच्या बाजूचे सगळे अधिकारी उठून उभे राहिले होते. त्यात कोणाची चूक म्हणावी? ज्या माणसाने आपला गोपनीय अहवाल लिहिला, आपली बदली थांबवली किंवा केली, त्याला बघून पाय आपोआप सरळ होतात. शिपायाने त्यांच्यासाठी बिनसाखरेचा चहा न सांगता आणून ठेवला.

अनुभवाच्या अटीवर चर्चा आली. साहेब शांतपणे म्हणाले, ‘ही अट मीच घातली होती. तिचा हेतू असा नव्हता.’ पुढे दहा मिनिटे त्यांनी अटीचा हेतू समजावून सांगितला. तो हेतू त्यांच्या कंपनीला सोयीचा होता. कोणी त्यांना हे बोलून दाखवले नाही. मीही नाही. मी इतिवृत्तात लिहिले, ‘कंपनीच्या प्रतिनिधींनी अटीबाबत स्पष्टीकरण मागितले.’ मागितले! स्पष्टीकरण तर त्यांनीच दिले होते. चार दिवसांनी शुद्धिपत्रक निघाले आणि अट सैल झाली. त्याच बैठकीत मागच्या रांगेतल्या एका लहान ठेकेदाराने अनामत रकमेबद्दल विचारले होते. त्याला सांगण्यात आले की, शंका लेखी पाठवा, नियमानुसार उत्तर मिळेल.

कोणता नियम मोडला? एकही नाही. साहेबांच्या निवृत्तीला वर्ष उलटले होते, शुद्धिपत्रक सक्षम अधिकाऱ्याच्या सहीने निघाले होते, लाच कोणी दिली नव्हती, मागितली नव्हती. लेखापरीक्षणात यातले काही सापडणार नाही. सापडायला कागदावर उमटायला तर हवे.

दुसरी तक्रार मौनाची. ठरलेल्या दिवसांत सरकारने नकार कळवला नाही, तर परवानगी मिळाली असे समजायचे, अशी तरतूद आहे. सामान्य माणसाचा रेशन कार्डाचा किंवा फेरफाराचा अर्ज मुदतीत निकाली निघाला नाही, तर त्याने अपील करायचे असते. ‘उत्तर आले नाही, म्हणजे मंजूर’ हा लाभ त्याला कोणी देत नाही. तो मिळतो शासनाच्या सर्वात वरच्या पायरीवरून उतरलेल्या माणसाला, आणि तोही जिथे बारकाईने बघायला हवे अशा ठिकाणी. फाइल एखाद्या टेबलावर पडून ठेवणे किती सोपे असते हे मला विचारा. ती मुद्दाम पडली की कामाच्या रेट्यात पडली, हे ब्रह्मदेवालाही सिद्ध करता येत नाही.

तिसरी तक्रार शिक्षेची. परवानगी न घेता नोकरी धरली, तर सरकार निवृत्तिवेतन पूर्ण किंवा अंशतः रोखू शकते. ऐकायला जबर वाटते. हिशेब मांडून बघू. सातव्या वेतन आयोगात सचिव पदाचे मूळ वेतन महिना २,२५,००० रुपये. त्याच्या निम्मे म्हणजे १,१२,५०० रुपये मूळ निवृत्तिवेतन, वर महागाई भत्ता. आता दुसरी बाजू. कंपनी कायद्याखालच्या नियमांनुसार संचालकाला मंडळाच्या एका बैठकीला हजर राहण्यासाठी १ लाख रुपयांपर्यंत बैठक शुल्क देता येते. नफ्यातले कमिशन वेगळे. पूर्णवेळ मोठ्या पदाचा पगार तर विचारूच नका. ज्याला कंपनी बोलावते आहे, त्याला पेन्शन रोखण्याचा धाक कितपत वाटणार? आणि कंपनीला तर काहीच होत नाही. नियम मोडून माणूस घेणारी कंपनी दुसऱ्या दिवशी त्याच खात्यात निविदा भरायला मोकळी.

याच मुद्द्याला जोडून एक प्रश्न आहे, आणि त्याचे लेखी उत्तर मला हवे आहे. १ जानेवारी २००४ पासून रुजू झालेले अधिकारी जुन्या निवृत्तिवेतन नियमांत येत नाहीत, त्यांची राष्ट्रीय पेन्शन योजना वेगळी. नोकरीवरचे हे बंधन आणि त्याची शिक्षा, दोन्ही जुन्या पेन्शनच्या खुंटीला बांधलेले आहे. २००४ आणि नंतरच्या तुकड्यांतले अधिकारी आज वरच्या पदांवर आहेत. त्यातले काही मुदतीआधी स्वेच्छेने बाहेर पडतात, काही सरळ राजीनामा देतात. राजीनामा दिला की पूर्वीची सेवा जप्त होते, मग रोखायला पेन्शन उरतच नाही. या सगळ्यांना कोणते बंधन, कोणत्या शिक्षेसह लागू आहे, हे आपल्या विभागाने एका परिपत्रकात साध्या भाषेत जाहीर करावे. पुढे एक वेळ अशी येईल की, सचिवपदावरून उतरणारा जवळपास प्रत्येक माणूस याच तुकड्यांतला असेल.

चौथी तक्रार: एका देशात किती प्रकारचे नियम! आपल्या घटनाकारांना या गोष्टीची चांगली जाण होती. नियंत्रक व महालेखापरीक्षकाला पद सोडल्यावर केंद्र वा राज्य सरकारात कोणतेही पद घेता येत नाही (अनुच्छेद १४८). केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या अध्यक्षाला पुढे सरकारी नोकरी नाही (अनुच्छेद ३१९). सर्वोच्च न्यायालयाच्या माजी न्यायमूर्तींना भारतातल्या कोणत्याही न्यायालयात वकिली करता येत नाही. उद्याच्या नोकरीच्या आशेने आजचा निर्णय वाकतो, हे त्यांनी ओळखले होते. फक्त त्यांच्या डोळ्यांसमोर मुख्यतः सरकारी पदाचे आमिष होते. आज ते आमिष कोठून येते, हे सांगायची गरज नाही. पण कायदे तिथेच थांबले. केंद्रीय दक्षता आयोगाचा २००३चा कायदा घ्या. माजी आयुक्तांना राजदूतपद नाही, सरकारी लाभाचे पद नाही. खासगी कंपनीबद्दल तो कायदा गप्प आहे. के. व्ही. चौधरी जून २०१९ मध्ये दक्षता आयुक्तपदावरून निवृत्त झाले आणि त्याच ऑक्टोबरात रिलायन्स इंडस्ट्रीजच्या संचालक मंडळावर स्वतंत्र संचालक (म्हणजे कंपनीशी हितसंबंध नसलेला संचालक) म्हणून गेले. त्यांनी काही गैर केले असे मी अजिबात म्हणत नाही. त्या कायद्यात तशी आडकाठीच नाही, इतकेच दाखवते.

‘स्वतंत्र संचालक’ या पदाची तऱ्हा तर आणखी निराळी. २०१३च्या कंपनी कायद्याने या स्वातंत्र्याच्या अटी बारीक लिहिल्या आहेत. कंपनीच्या लेखापरीक्षकांच्या फर्ममध्ये मागच्या तीन आर्थिक वर्षांत भागीदार किंवा नोकर असलेला माणूस स्वतंत्र धरला जात नाही. बरोबरच आहे. पण ज्या अधिकाऱ्याने त्या कंपनीला जमीन, परवाना, सवलत दिली, तिचा दंड ठरवला किंवा माफ केला, त्याच्याबद्दल त्या कलमात शब्द नाही. हिशेब तपासणाऱ्याने तीन वर्षे थांबायचे आणि पर्वत हलवणाऱ्याने एक! तेही परवानगी मागितली तर कमी.

गरज पडली की कायदा बदलायला वेळ लागत नाही, हेही आपण पाहिले आहे. २०१४ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या माजी अध्यक्षांना पंतप्रधानांचे प्रधान सचिव नेमायचे होते, कायदा आड येत होता, तर अध्यादेश निघाला. इकडे केंद्रीय दक्षता आयोगाने जून २०२१ मध्ये सगळ्या खात्यांना आणि सार्वजनिक उपक्रमांना लिहिले की, निवृत्त अधिकारी ठरलेली मुदत न पाळता लगेच खासगी नोकऱ्या धरताना आढळतात, हे गंभीर गैरवर्तन आहे, परवानगी सक्तीची करणारे नियम करा. खुद्द दक्षता आयोगाला असे लिहावे लागते, याचा अर्थ माझ्यासारख्या कारकुनी पेशातल्या बाईने काय घ्यावा?

ऑगस्ट २०२४ मध्ये खासगी क्षेत्रातून आणि इतर ठिकाणांहून थेट वरिष्ठ पदांवर ४५ माणसे घेण्याची जाहिरात निघाली, तेव्हा आरक्षणाच्या प्रश्नावरून देशभर आवाज उठला आणि तीन दिवसांत ती मागे घेतली गेली. बाहेरून आत येणाऱ्यांची निदान जाहिरात तरी निघते. आतून बाहेर जाणाऱ्यांचा मागमूस व्हॉट्सअ‍ॅपच्या पुष्पगुच्छांत लागतो.

पाचवी गोष्ट तक्रारीपेक्षा काळजीची आहे, आणि ती सगळ्यात अवघड. नुकसान निवृत्तीनंतर होते त्याहून जास्त निवृत्तीच्या आधीच्या दोन वर्षांत होते. जो अधिकारी पूर्वी प्रत्येक प्रस्तावावर ‘चर्चा करावी’ असा शेरा मारून फाइल खाली पाठवायचा, तोच शेवटच्या काळात एखाद्या कंपनीची फाइल दुपारी घेऊन संध्याकाळी सही करून देतो, तेव्हा कार्यालयातले सगळे समजतात. शिपाईसुद्धा. कोणी काही बोलत नाही, कारण पुरावा नसतो आणि बहुधा गुन्हाही नसतो. असते ती आशा. उद्या कोणी विचारील, म्हणून आज कोणाला दुखवायचे नाही. अशी आशा सगळ्यांना असते असे नाही. शेवटच्या दिवशीही कडक शेरा मारून गेलेले अधिकारी मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या हाताखाली काम केल्याचा मला अभिमान आहे. खरा अन्याय त्यांच्यावर होतो. सैल नियमामुळे लोक त्यांनाही त्याच मापाने मोजतात.

यावर दोन उत्तरे नेहमी मिळतात. एक म्हणजे, बंधने वाढवली तर हुशार मुले सेवेत येणार नाहीत. दर वर्षी सुमारे हजार जागांसाठी दहा लाखांच्या घरात अर्ज येतात. त्यातले किती जण साठीनंतरच्या संचालकपदाकडे डोळे लावून अभ्यासाला बसतात? आणि जो त्याच हिशेबाने येतो, तो नाही आला तर बिघडले कुठे? दुसरे उत्तर असे की, जगभर हेच चालते. जगभर चालते, पण बंधनेही असतात. अमेरिकेत अधिकाऱ्याने ज्या विशिष्ट प्रकरणात स्वतः महत्त्वाचा भाग घेतला, त्या प्रकरणात दुसऱ्या बाजूने सरकारपुढे रदबदली करायला त्याला आयुष्यभर मनाई आहे. फ्रान्समध्ये ज्या कंपनीवर देखरेख केली तिच्यात तीन वर्षांच्या आत गेल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन लाख युरोपर्यंत दंड होऊ शकतो. कॅनडात उच्चपदस्थांना पाच वर्षे लॉबिंग, म्हणजे कंपन्यांसाठी सरकारदरबारी रदबदली, करता येत नाही. ब्रिटनने मात्र १९७५ पासून केवळ सल्ला देणाऱ्या समितीवर भागवले. कोणी सल्ला ऐकला नाही तर तिच्या हाती काही नव्हते. २०२५ मध्ये ती गुंडाळली. आपण नेमके कोणाकडे बघायचे ते ठरवावे.

लॉबिंगचा विषय निघालाच आहे तर, आपल्याकडे त्यासाठी कायदाच नाही. २०१२ मध्ये वॉलमार्टने भारतातल्या गुंतवणुकीसाठी लॉबिंगवर केलेल्या खर्चाची नोंद अमेरिकेतल्या विवरणपत्रात दिसली, तेव्हा आपल्या संसदेत गदारोळ झाला आणि चौकशी नेमावी लागली. आपल्या देशातल्या गोष्टीचा सुगावा लागला तो दुसऱ्या देशाच्या कागदातून.

आता मागण्या. क्रम महत्त्वाचा आहे, पहिलीत माझे सगळे म्हणणे आले.

एक. बंधन फायलीला जोडा. ज्या करारावर, परवान्यावर, निविदेवर, दाव्यावर अधिकाऱ्याने सही केली किंवा शिफारस केली, ते प्रकरण जिवंत आहे तोवर त्याने त्या प्रकरणात दुसऱ्या बाजूने सरकारपुढे उभे राहायचे नाही. एक वर्षाने नाही, दहा वर्षांनीही नाही. बाकी सर्वसाधारण मुदत सहसचिव आणि त्यावरच्या पदांसाठी पुन्हा दोन वर्षे करा. एवढे केले, तर ज्याला आपल्या खात्याशी संबंध नसलेल्या क्षेत्रात काम करायचे आहे त्याला उदार मनाने परवानगी द्यायलाही माझी हरकत नाही.

दोन. मौन म्हणजे संमती, ही तरतूद काढा. मंजुरी असो वा नकार, कारणांसह लेखी द्या.

तीन. प्रत्येक अर्ज, त्यावरचा निर्णय, कारणे आणि घातलेल्या अटी कोणालाही सहज सापडतील अशा एका जागी, निर्णयानंतर तीस दिवसांत प्रसिद्ध करा. माहिती अधिकारात मागा असे सांगू नका. २०२३च्या विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(१)(जे) बदलले आहे, आणि ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार देणे सोपे झाले आहे. सार्वजनिक पदामुळे मिळालेली नोकरी ही वैयक्तिक बाब कशी, हे मला समजत नाही.

चार. कंपनीवर जबाबदारी टाका. निविदेच्या कागदपत्रांतच अट हवी की, त्या खात्यातून मागच्या पाच वर्षांत निवृत्त झालेला कोणता अधिकारी आमच्याकडे कोणत्याही नात्याने काम करतो, हे निविदाकार जाहीर करील, आणि खोटे निघाल्यास अपात्र ठरेल. यासाठी नवा कायदाही लागत नाही, एक परिपत्रक पुरते.

पाच. माजी अधिकारी कोणत्याही कंपनीच्या वतीने कार्यालयात आले, तर भेटीची नोंद त्या प्रकरणाच्या फायलीत झाली पाहिजे: नाव, पूर्वीचे पद, कोणाच्या वतीने आले आणि काय बोलले. इतिवृत्तात ‘कंपनीचे प्रतिनिधी’ लिहून चालणार नाही. ही मागणी छोटी वाटेल. पण माझ्या जागी आज बसलेल्या मुलीला साहेबांपुढे ‘सर, नोंद करावी लागते, नियम आहे’ एवढे म्हणता आले, तरी पुष्कळ काम होईल. तिला स्वतःच्या धैर्यावर विसंबून राहायला लावू नका.

सहा. सेवेत असतानाच एखाद्या कंपनीशी नोकरीचे बोलणे सुरू झाले, तर ते लगेच कळवणे आणि त्या कंपनीच्या फायलींपासून दूर होणे सक्तीचे करा.

सात. दक्षता आयोग, नियामक संस्था, सार्वजनिक बँका, उपक्रम या सगळ्यांसाठी संसदेत एकच कायदा आणावा, असा प्रस्ताव आपल्या विभागाने मांडावा. जुन्या पेन्शनवरचे आणि नव्या पेन्शनवरचे, निवृत्त आणि राजीनामा दिलेले, सगळे त्यात यावेत.

सामान्य प्रशासन विभागाला वेगळे सांगते. महाराष्ट्रात मुख्य अभियंते, नगररचनाकार, महसुलातले आणि महापालिकांतले वरिष्ठ अधिकारी यांचा लोकांच्या घरादाराशी दिल्लीतल्या सचिवांहून जवळचा संबंध येतो. केंद्राची वाट न पाहता वरची चौथी आणि पाचवी मागणी राज्याला शासन निर्णयाने अमलात आणता येईल. मसुदा हवा असेल तर मी लिहून देते, सवय आहे.

२००४ नंतरच्या तुकड्यांबाबत विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर साठ दिवसांत मिळावे, ही विनंती. न मिळाल्यास ते ‘होकार’ आहे असे मी समजणार नाही. हेच पत्र माझ्या मतदारसंघाच्या खासदारांना देऊन तोच प्रश्न त्यांना सभागृहात विचारायला सांगेन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त कक्ष अधिकारी